पहिल्या पगारापर्यंतचे चाळीस दिवस

प्रश्न

सप्रेम नमस्कार. बीड जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या बालगृहात मी गेली चौदा वर्षे गृहमाता म्हणून काम करते. आमच्याकडची मुले बाल कल्याण समितीच्या आदेशाने आलेली असतात. काहींना आई-वडील दोघेही नाहीत, पण बरीचशी एकच पालक उरलेली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली आहेत. आमच्या किरणला (नाव बदलले आहे) जूनमध्ये अठरा वर्षे पूर्ण झाली. तो नववीत असल्यापासून शांत आणि कामसू मुलगा, बारावी कला शाखेतून ४९ टक्के. ओळखीच्या ठेकेदारामार्फत त्याला वाळूजच्या एका कारखान्यात काम मिळाले आणि ३ जुलैला दीड हजार रुपये देऊन आम्ही त्याला एसटीत बसवून दिले. एकट्याने राहण्याची सवय व्हावी म्हणून मी मुद्दामच फोन केला नाही, त्याचाही आला नाही. १५ जुलैला रात्री आठ वाजता तो बॅग घेऊन फाटकाशी उभा होता. अठरा पूर्ण झालेल्यांना मुक्कामी ठेवता येत नाही, असे अधीक्षकांनी सांगितले. दोन रात्री तो पहारेकऱ्याच्या खोलीत झोपला आणि तिसऱ्या दिवशी न सांगता निघून गेला. सध्या मांजरसुंब्याकडच्या एका ढाब्यावर आहे असे कळते. 'या मुलांत चिकाटीच नसते' असे सगळे म्हणतात. येत्या वर्षभरात आणखी तीन मुले आणि आमच्या मुलींच्या बालगृहातली एक मुलगी अठराची होतील. आमचे काय चुकले, आणि या चौघांना नोकरीसाठी तयार कसे करावे?

— एक गृहमाता, बीड जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

किरणमध्ये चिकाटी कमी होती की नाही, हे तुमच्या पत्रावरून मला सांगता येणार नाही. परंतु त्याच्या खिशातले पैसे कोणत्या सुमारास संपले असतील, हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. बीडहून संभाजीनगर आणि तिथून वाळूजपर्यंतचे भाडे, चौघांच्या खोलीतला आगाऊ वाटा, एक चटई, एक बादली, साबण, कुलूप आणि मेसवाल्याला दिलेले आठवड्याचे पैसे, एवढ्यात दीड हजार रुपये कसे पुरतील? मेसवाला दुसऱ्या आठवड्याचे पैसे मागायला आला असेल, खोलीतल्या मुलांनी एक-दोन दिवस आपल्या डब्यातले दिले असेल, आणि त्यानंतर उसने मागण्याची लाज वाटून तो उरलेल्या भाड्याच्या पैशांत परत आला असेल. हा माझा अंदाज आहे, खरे काय ते किरणच सांगू शकेल. पण औद्योगिक प्रशिक्षण घेतलेल्या मुलांना कामाला लावण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत, आणि बाराव्या-पंधराव्या दिवशी परत आलेल्या मुलांपैकी कामाला कंटाळून आलेली मुले मी थोडी पाहिली, पैसे संपल्यामुळे आलेली पुष्कळ पाहिली.

हा हिशेब अगदी साधा आहे, पण घरातून जाणाऱ्या मुलाला तो कधी मांडावा लागत नाही, म्हणून आपल्याही तो ध्यानात येत नाही. ३ जुलैला कामावर रुजू झालेल्या मुलाचा जुलैचा पगार ऑगस्टच्या सात ते दहा तारखेच्या दरम्यान होतो, आणि ठेकेदाराने उशीर केला तर आणखी पुढे जातो. म्हणजे पहिला पैसा हातात येईपर्यंत जवळजवळ चाळीस दिवस जातात. घरच्या मुलाला या चाळीस दिवसांत वडील पैसे पाठवतात, आई डब्यात चटणी आणि शेंगदाण्याचे लाडू देते, मामाचे कुणीतरी बजाजनगरला राहत असते. त्या आधारावर तो रात्रपाळीची झोप, सुपरवायझरचे ओरडणे आणि पायाला आलेले फोड सहन करतो, आणि आपण त्याला चिकाटी म्हणतो.

आपल्या भागात या चाळीस दिवसांना आणखी एक धार आहे आणि ती तुम्ही माझ्यापेक्षा अधिक जवळून पाहिलेली आहे. कारखान्यात आधी काम आणि चाळीस दिवसांनी पैसा, तर ऊसतोडीत आधी पैसा आणि मग सहा महिने काम. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, रोख असते. रिकाम्या खिशाने परत आलेल्या, काटक, अठरा वर्षांच्या मुलासमोर दसऱ्याच्या आधी कुणी उचलीचे पैसे धरले तर तो नाही म्हणेल, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही. मी स्वतः एका मुलाला अशाच प्रकारे गमावले आहे. आई-वडील नसलेल्या त्या मुलाला वेल्डरचे प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर मी जालन्यातील एका वर्कशॉपमध्ये लावून दिले, मालकाशी बोललो, आणि माझे काम झाले असे समजून महिनाभर चौकशी केली नाही. महिन्याने फोन केला तेव्हा कळले की तो विसाव्या दिवशी काम सोडून गावाकडच्या एका ऊसतोडीच्या टोळीबरोबर कर्नाटकात गेला होता. त्याच्या हातातली कला पक्की होती. त्या वीस दिवसांत त्याला एकही फोन आला नाही, ही चूक माझी होती. तुम्ही सवय व्हावी म्हणून फोन केला नाहीत, मी विसरलो म्हणून केला नाही. मुलाला दोन्हींमधला फरक कळण्याचा काहीच मार्ग नव्हता.

म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, नोकरीच्या तयारीची सुरुवात अर्ज लिहिण्यापासून किंवा मुलाखतीपासून न करता या चाळीस दिवसांपासून करावी आणि तिथून मागे मागे यावे. जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे चाळीस दिवसांची खोली, जेवण, प्रवास आणि किरकोळ खर्च, सुमारे आठ-नऊ हजार रुपये, बाजूला असल्याशिवाय त्याला पाठवू नये. ही रक्कम एकदम त्याच्या हाती न देता दर आठवड्याला त्याच्या खात्यावर टाकावी. पैसे कुठून आणावेत, असे तुम्ही विचाराल. तुमच्या बालगृहात वर्षभर वाढदिवसाची आणि पुण्यतिथीची जेवणे येत असतील. जिलेबी, मठ्ठा, पुरी-भाजी घेऊन येणारे, मुलांबरोबर फोटो काढणारे हे दाते मनाने चांगले असतात, पण मोठ्या मुलांना कशाची गरज आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते. यंदा त्यांच्यापैकी चार-पाच जणांना बोलावून सांगा की एका पंगतीच्या खर्चात एक मुलगा पहिल्या पगारापर्यंत टिकतो. रीतसर पावती द्या, हिशेब लिहून ठेवा आणि अधीक्षकांना या कामात सुरुवातीपासून बरोबर घ्या.

याच्या जोडीला सरकारी तरतूदही आहे आणि ती मागितल्याशिवाय मिळत नाही. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ४६ मध्ये अठरा वर्षे पूर्ण करून संस्थेबाहेर पडणाऱ्या मुलांना समाजात स्थिर होण्यासाठी आर्थिक साहाय्य देण्याची तरतूद आहे. यालाच अनुरक्षण म्हणतात. ते २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे मिळू शकते. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये यासाठी दरमहा ४,००० रुपयांची रक्कम धरलेली आहे. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत निवासाची, व्यवसाय प्रशिक्षणाची आणि सहा ते आठ जणांच्या गटाने एकत्र राहण्याची सोय अपेक्षित आहे. मूल बाहेर पडण्याच्या दोन महिने आधी त्याची पुढची योजना लिहून सादर करावी, असेही हे नियम सांगतात. या दोन महिन्यांकडे विशेष लक्ष द्या. मुलाला अठरा पूर्ण होऊन तो बाहेर पडल्यावर धावपळ केली तर कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईपर्यंत मुलगा मांजरसुंब्याला पोहोचलेला असतो. माझा आग्रह तर असा राहील की चौघांची प्रकरणे आत्ताच, सहा-आठ महिने आधी, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे लेखी नेऊन द्यावीत, पोच घ्यावी, आणि बाल कल्याण समितीसमोर प्रत्येकाची वैयक्तिक काळजी योजना पुन्हा वाचून तीत 'अठरानंतर कुठे राहणार, काय शिकणार, कुणाच्या संपर्कात राहणार' हे स्पष्ट लिहून घ्यावे. किरणचे वय अजून गेलेले नाही, त्याच्यासाठीही हा अर्ज करता येईल.

कागदपत्रांचा विषय कंटाळवाणा वाटतो, परंतु नोकरी पहिल्यांदा अडते ती इथेच. आपल्या मुलांच्या आधार कार्डाशी जोडलेला मोबाइल क्रमांक पुष्कळदा संस्थेचा, किंवा चार वर्षांपूर्वी बदलून गेलेल्या एखाद्या अधीक्षकांचा असतो. मुलगा कारखान्याच्या फाटकावर उभा राहतो, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक काढण्यासाठी आधारचा ओटीपी जातो, आणि तो वाजतो तिसऱ्याच कुणाच्या खिशात. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर बोटांचे ठसे पुन्हा द्यावे लागतात, ते राहिलेले असतात. बँकेचे खाते अज्ञान मुलाचे म्हणून उघडलेले असते आणि अठरा पूर्ण होताच नव्याने कागद दिल्याशिवाय ते चालत नाही. आधारवर एक आडनाव, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर दुसरे, आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या जागी संस्थेने त्या वेळी लिहिलेले तिसरेच नाव, असेही मी पाहिलेले आहे. दहावीचे नाव प्रमाण धरून बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करावे, आणि नाव बदलायचेच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून घ्यावे. या कामांना महिने लागतात, म्हणून ती सोळाव्या वर्षी सुरू करायची असतात. प्रत्येक मुलाचा स्वतःचा क्रमांक त्याच्याच आधारला जोडलेला असावा, मूळ कागदांची एक फाइल त्याच्या हातात आणि छायाप्रतींची दुसरी फाइल तुमच्या कपाटात असावी, आणि मूळ आधार कार्ड कोणत्याही ठेकेदाराकडे ठेवायचे नाही, हे त्याला अगदी पढवून सांगावे.

ज्या मुलांचे आई-वडील दोघेही हयात नाहीत, त्यांचे अनाथ प्रमाणपत्र जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयामार्फत ती संस्थेत असतानाच काढून घ्या. महाराष्ट्रात शिक्षणात आणि शासकीय नोकऱ्यांत अनाथांसाठी १ टक्का समांतर आरक्षण आहे. जातीचा दाखला काढायला वडिलांकडचे कागद मिळत नाहीत, अशा मुलांना या प्रमाणपत्राचा मोठा आधार होतो. एक पालक जिवंत असलेल्या मुलाला मात्र ते मिळणार नाही. तुमच्याकडे अशी मुले अधिक आहेत, म्हणून खोटी आशा लावण्यापेक्षा कोण पात्र आहे आणि कोण नाही हे प्रत्येकाला आधीच सांगितलेले बरे.

आता खुद्द शिक्षणाबद्दल. किरणसारखी मुले दहावीनंतर कला शाखेत जातात, कारण कॉलेज गावात असते, शुल्क कमी असते आणि संस्थेलाही ते सोयीचे पडते. मी कला शाखेला कमी लेखत नाही. पण अठराव्या वर्षी ज्याच्या डोक्यावरचे छप्पर कायद्यानेच निघणार आहे, त्याच्यासाठी वर्षांची मोजदाद वेगळी करावी लागते. सोळाव्या वर्षी दहावी झालेला मुलगा आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन किंवा फिटरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेला, तर तो अठराचा होतो त्याच सुमारास त्याच्या हातात व्यवसायाचे प्रमाणपत्र येते, आणि ही दोन्ही वर्षे त्याला तुमच्या छपराखाली, तुमच्या हातचे खाऊन काढता येतात. दहावीत अडलेल्या मुलालाही वाट आहे, कारण वेल्डरच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला आठवी उत्तीर्ण असणे पुरते. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी शासकीय आयटीआय आहे, प्रवेश दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन होतात, आणि तो अर्ज मुलाने स्वतः भरावा, तुम्ही शेजारी बसावे. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखाली एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी मिळाली तर विद्यावेतन मिळते, काम शिकता येते आणि ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकापेक्षा वरच्या पायरीवरून सुरुवात होते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याची पोलाद वसाहत इथे नुसता बारावी झालेला मुलगा आणि आयटीआय झालेला मुलगा एकाच फाटकातून आत जातात, पण दोन वर्षांनी दोघांची कामे अगदी निराळी झालेली असतात.

मुलांपैकी कुणी ना कुणी पोलीस भरतीचे नाव काढणारच, मराठवाड्यात ते नाव न काढणारा तरुण विरळा. मी त्यांना कधीही मोडता घालत नाही. बारावी झालेल्या अनाथ मुला-मुलींसाठी तिथेही १ टक्का जागा असतात, आणि पन्नास गुणांची मैदानी चाचणी ही काटक मुलांच्या आवाक्यातली गोष्ट आहे. मात्र भरती कधी निघेल हे कुणाच्याच हातात नसते आणि लेखी परीक्षा शंभर गुणांची असते, म्हणून पहाटे पाच वाजता धावायचे, दिवसा काम करायचे किंवा शिकायचे, आणि रात्री तासभर पुस्तक उघडायचे, असा क्रम लावून द्यावा. नुसत्या भरतीच्या आशेवर बसून राहणे घर असलेल्या मुलाला परवडते, तुमच्या मुलांना परवडणारे नाही.

याहूनही अधिक महत्त्वाची वाटणारी एक गोष्ट आता सांगतो, आणि त्यात तुम्हा गृहमातांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. एका बालगृहातल्या सतरा वर्षांच्या हुशार मुलाला मी एकदा आठवडी बाजारातून दोन किलो कांदे आणायला पाठवले आणि थोड्या अंतराने त्याच्यामागे गेलो. तो पहिल्याच ढिगापाशी थांबला, भाव विचारला नाही, कांदे हातात घेऊन दाबून पाहिले नाहीत, शंभराची नोट पुढे केली, आणि बाईने परत दिलेले पैसे न मोजता मुठीत घट्ट धरून जवळजवळ पळत परत आला. पिशवीच्या तळाशी चार कांदे कुजके होते. त्याच मुलाला गणितात शेकडा नफा-तोटा तोंडपाठ होता. बालगृहात उठण्याची घंटा असते, जेवणाची घंटा असते, झोपण्याची असते. कपडे गठ्ठ्याने येतात, भाजी टेम्पोने येते, डॉक्टरकडे ताई नेतात. साठ मुले सांभाळायची तर घंटा लागतेच, हे मला मान्य आहे. पण ज्याने बारा वर्षे स्वतःहून कुठलाही निर्णय घेतला नाही, त्याला कारखान्यात 'सुट्टी हवी आहे', 'हे मला जमत नाही, दाखवा' किंवा 'माझी दोन दिवसांची हजेरी लागलेली नाही' असे म्हणता येत नाही. आणि जे म्हणता येत नाही त्यावर त्याच्याकडे एकच उपाय उरतो, गुपचूप निघून जाणे. तुमच्याकडूनही तो तसाच गेला, हे तुम्हीच लिहिले आहे.

म्हणून सोळा पूर्ण झालेल्या मुलांसाठी घंटा हळूहळू बंद करा. त्यांनी स्वतः गजर लावून उठावे. आठवडी बाजाराची जबाबदारी दोघा-दोघांवर आळीपाळीने द्यावी, चुकले तर चुकू द्यावे आणि कुजक्या कांद्यांचा हिशेब संध्याकाळी सगळ्यांसमोर, न रागावता करावा. महिन्यातून एकदा प्रत्येकाने एकट्याने एसटीने बीड किंवा संभाजीनगरला जाऊन एक ठरलेले काम करून परत यावे. बँकेतून पैसे काढावेत, डॉक्टरला स्वतःचे दुखणे स्वतः सांगावे, चौघांपुरती खिचडी आणि पिठले स्वतः करावे. सुट्टीत एखाद्या ओळखीच्या किराणा दुकानात किंवा रोपवाटिकेत काही तास काम करता आले तर उत्तमच. मात्र अठराच्या आतल्या मुलांना धोक्याच्या कामाला लावणे कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा यंत्रे, रसायने आणि रात्रीची कामे यांपासून त्यांना दूर ठेवा. आणि सुट्टी मागण्याचा सराव नाटकासारखा करून घ्या. तुम्ही सुपरवायझर व्हा, आवाज चढवा, मुलाला उत्तर द्यायला लावा. पहिल्या दिवशी मुले हसतील, तिसऱ्या दिवसापासून शिकतील.

त्याच सरावात आणखी एक प्रश्न घ्या. मुलाखतीत, खोली बघताना आणि खोलीतल्या मुलांच्या गप्पांत त्यांना हमखास विचारले जाते, 'गाव कुठले? वडील काय करतात?' या प्रश्नावर मान खाली घालून गप्प बसलेली मुले मी पाहिली आहेत, आणि समोरच्याला वाटते की पोरगा काहीतरी लपवतो आहे. आपली सगळी कहाणी कुणालाही सांगण्याचे बंधन त्यांच्यावर नाही. एखादे खरे, आटोपशीर वाक्य तयार असले की पुरते. उदाहरणार्थ, 'मी बीड जिल्ह्यात संस्थेत राहून शिकलो, आयटीआय केले आहे, संस्थेच्या ताई माझ्या पालक आहेत, त्यांचा नंबर देतो.' प्रत्येक मुलाला असे वाक्य स्वतःच्या शब्दांत बनवू द्या. त्यातला 'त्यांचा नंबर देतो' हा भाग खरा ठरवण्याची जबाबदारी मात्र तुमच्याकडे राहील.

रुजू होण्याआधी ठेकेदाराला काय विचारायचे, हेही मुलांना ठाऊक असावे. पगार किती, किती तारखेला, खात्यावर की रोख, पाळी किती तासांची, बूट आणि गणवेशाचे पैसे कापणार का, निर्वाह निधी आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जातो का. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला, जिथे ही योजना लागू आहे तिथे, पगाराच्या अवघ्या पाऊण टक्का कपातीत ईएसआयचे उपचार मिळतात. मागे घर नसलेल्या मुलासाठी आजारपणातला तो सर्वांत मोठा आधार आहे. 'पगारातून कापतात' म्हणून मुले या कपातीवर रुसतात, त्यांना ती नीट समजावून सांगा.

मुलीच्या बाबतीत एक वेगळाच धोका तुम्ही ओळखून असाल. वर्षानुवर्षे भेटीला न आलेले नातेवाईक अठरावे लागले की अचानक उगवतात, आणि त्यामागे पुष्कळदा लग्नाचा घाट आणि कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, नवरा-बायकोची जोडी हवी हा हिशेब असतो. ती सज्ञान झाल्यावर निर्णय तिचाच, परंतु तिच्यासमोर दुसरी वाट तयार नसेल तर त्याला निर्णय म्हणता येणार नाही. तिचा प्रशिक्षणाचा प्रवेश आणि वसतिगृहातली जागा अठरावा वाढदिवस येण्याआधी नक्की झालेली असू द्या. काम करणाऱ्या स्त्रियांसाठीच्या शासकीय 'सखी निवास' वसतिगृहांची चौकशी जिल्हा कार्यालयात करा. एकट्या मुलीला खोली देताना घरमालक पालकांना भेटायला मागतात, त्या भेटीला तुम्ही स्वतः जा.

राहता राहिला फोनचा आणि माणसाचा प्रश्न. प्रत्येक मुलामागे एकच ठरलेले माणूस असावे आणि पहिले चाळीस दिवस ठरलेल्या वेळी फोन व्हावा, पहिल्या आठवड्यात रोज रात्री आणि नंतर एक दिवसाआड. 'कसा आहेस' या प्रश्नाला मुले 'बरा आहे' एवढेच म्हणतात. त्याऐवजी आज काय जेवलास, खात्यावर किती उरले, कोणती पाळी आहे, खोलीत कोण कोण आहे, असे विचारा. हे सगळे तुम्हा एकट्यांवर पडू नये, म्हणून तुमच्याच संस्थेतून पूर्वी बाहेर पडलेल्या मुलांना शोधा. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर अनाथ झालेल्या मुलांसाठी नळदुर्गजवळ 'आपलं घर' उभे राहिले, त्या काळातली मुले आज चाळिशीच्या आसपास आहेत. मराठवाड्यात संस्थांत वाढून स्थिरावलेली माणसे खूप आहेत, त्यांना कुणी बोलावत नाही एवढेच. तुमच्या चौदा वर्षांतली दोन-तीन मुले तरी रांजणगाव-बजाजनगरच्या पट्ट्यात नक्की निघतील. पहिला महिना किरणसारख्या मुलाला त्यांच्यापैकी एकाच्या खोलीत काढता आला, तर मी वर सांगितलेले निम्मे प्रश्न उरणार नाहीत.

अधीक्षकांनी मुक्काम नाकारला, त्यात त्यांचा दोष मी मानत नाही. सज्ञान झालेल्याला लहान मुलांबरोबर ठेवायचे नाही, या नियमामागे लहानांच्या सुरक्षिततेचाच विचार आहे. पण जेवणाला, दिवाळीच्या दिवशी येण्याला, आणि कपाटातल्या फाइलसाठी दार वाजवण्याला कोणताही नियम आडवा येत नाही. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाला हे निघण्याच्या दिवशी स्पष्ट शब्दांत सांगा, आणि परत यावे लागले तर कुणाच्या घरी दोन-चार दिवस थांबायचे, त्या घराचे नावही आधीच ठरवून ठेवा.

आता किरण. या आठवड्यात मांजरसुंब्याला जाऊन त्याला भेटून या, शक्यतो दुपारी तीन-चारच्या सुमारास, ढाब्यावर गर्दी नसताना. त्याला परत चलण्याचा आग्रह करू नका आणि 'का सोडलेस' असेही विचारू नका. पैसे किती तारखेला संपले, एवढेच विचारा, बाकीचे तो आपणहून सांगेल. वाळूजला केलेल्या दिवसांची मजुरी त्याला मिळाली का, तेही विचारा. काम सोडून आला म्हणून ती बुडत नाही. ठेकेदाराशी तुम्ही स्वतः बोला, आणि तो दाद देत नसेल तर कामगार कार्यालयात लेखी तक्रार करता येते. त्याचे मूळ आधार कार्ड त्याच्याजवळ आहे का, ते पाहून घ्या. ढाब्यावर रोजचे काय मिळते, झोपायला जागा कशी आहे, मालक वागायला कसा आहे, हेही बघा. कारण अनुरक्षणाचा अर्ज पुढे सरकेपर्यंत काही आठवडे त्याला तिथेच काढावे लागतील. तो अर्ज जाताना बरोबर घेऊन जा, त्यावर त्याची सही लागेल.